सहलीत मुलांना डोळे भरून पाहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कासचा बहर सप्टेंबरात येतो, पण सहलीचे वेळापत्रक शाळाशाळांतून आत्ता, श्रावणातच ठरते. म्हणून हे पत्र आत्ता लिहीत आहोत. आपल्या भागातल्या बहुतेक सहलींचा कागद एकाच छापाचा असतो. सकाळी कास पाऊण तास, मग ठोसेघरचा धबधबा, डबे, सज्जनगड आणि दिवेलागणीला परत. औंधची सहल असेल तर संग्रहालयाला चाळीस मिनिटे आणि मग यमाईचे दर्शन. मुलांचे पाय दुखतात, मोबाइल फोटोंनी भरतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले तर "खूप मजा आली" यापलीकडे काही हाती लागत नाही. यात मुलांचा दोष नाही आणि शिक्षकांचाही नाही. एका दिवसाच्या बसभाड्यात जेवढे बसेल तेवढे बसवायचे असते. पण सुंदर वस्तू समोर आल्यावर डोळा आणि मेंदू कसे काम करतात हे लक्षात घेतले, तर हा कागद उलटा लिहावा लागेल. ठिकाणे कमी आणि वेळ जास्त, एवढीच आमची मागणी आहे. ती प्रत्यक्षात कशी उतरवायची ते पुढे तपशिलाने सांगतो.

हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. एका क्षणी आपल्याला खरोखर बारकाईने दिसते ते जवळपास तेवढेच. दृष्टिपटलाच्या मध्यावर एक लहानसा खळगा असतो. तिथे रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी दाटीने बसलेल्या असतात आणि त्याच्या वाट्याला समोरच्या दृश्याचा जेमतेम दोन अंशांचा तुकडा येतो. बाकीचे सारे धूसर असते. ते धूसर आहे हे आपल्याला कळत नाही, कारण डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा जागा बदलतो आणि ती उडी चालू असताना मेंदू दृश्य दाबून टाकतो, म्हणून हिसकाही जाणवत नाही. अशा तुकड्यातुकड्यांतून मेंदू चित्र जोडत जातो.

मात्र दृश्याचा गोषवारा त्याला फार लवकर मिळतो, अगदी एक दशांश सेकंदात. मोकळे पठार, धुके, पिवळा पट्टा, बस्स. सहल फसते ती इथे. गोषवारा मिळाला की "पाहून झाले" असे वाटू लागते आणि पाय पुढे चालू लागतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये नामांकित चित्रांपुढे लोक किती वेळ थांबतात याची मोजणी झाली आणि ती २००१ साली प्रसिद्ध झाली. सरासरी २७ सेकंद निघाली, पण निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. १७ सेकंदांत नजरेच्या पन्नासेक उड्या होतात. त्यातल्या काही चित्राखालच्या पाटीवर जातात, काही शेजारच्या माणसावर, आणि चित्रात चेहरा असेल तर उरलेल्यांतल्या बऱ्याच त्या चेहऱ्यावरच घोटाळतात. हे प्रौढांचे झाले, तेही स्वतःहून तिकीट काढून आलेल्यांचे. मागून रांग ढकलत असताना सातवीतल्या मुलाच्या वाट्याला किती उरत असेल?

आता डोळ्याच्या मागे जाऊ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सेमिर झेकी यांनी सुंदर गोष्ट अनुभवताना मेंदूत काय घडते, या अभ्यासाला स्वतंत्र विषयाचे रूप दिले. २००४ साली त्यांनी आणि कावाबाता यांनी काही लोकांना एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूच्या कुठल्या भागात हालचाल वाढते ते दाखवणाऱ्या यंत्रात, चित्रे दाखवली. त्या लोकांनी ती चित्रे आधीच पाहून सुंदर, साधारण, कुरूप अशी प्रतवारी केलेली होती. स्वतःला सुंदर वाटलेले चित्र समोर आले की डोळ्यांच्या खोबणीच्या वर, कपाळामागे असलेल्या मेंदूच्या पट्ट्यात हालचाल वाढत होती, मग ते निसर्गचित्र असो, व्यक्तिचित्र असो की अमूर्त. २०११ साली झेकी आणि इशिझू यांनी २१ जणांना चित्रांबरोबर संगीतही ऐकवले. चित्रातले सुंदर आणि संगीतातले सुंदर, दोन्ही वेळी या पट्ट्याचा एक सामाईक भाग जागा झाला. डोळ्यांची वाट वेगळी, कानांची वेगळी, पण दोन्ही एका ठिकाणी येऊन मिळतात.

इथे एक खबरदारी हवी. हे वाचून "मेंदूत सौंदर्याचे केंद्र सापडले" असे भाषणांतून सांगितले जाते, ते खरे नाही. हाच भाग आवडीच्या खाण्याला, पैशाच्या लाभालाही प्रतिसाद देतो. समोरच्या गोष्टीचे आपल्या लेखी मोल किती, हे तो ठरवत असतो. शिवाय एफएमआरआय थेट विचार पकडत नाही. रक्तातल्या प्राणवायूचा फरक तो मोजतो, आणि तो फरक पाच-सहा सेकंद उशिराने शिगेला पोहोचतो. यंत्राच्या नळीत आडवे पडून लहान पडद्यावर चित्र पाहणे आणि औंधला चित्रासमोर उभे राहणे यांत अंतर आहेच. आणि "डावा मेंदू हिशेबाचा, उजवा मेंदू कलेचा" असे तक्ते अजून काही वर्गांच्या भिंतींवर दिसतात, ते कृपा करून उतरवावेत. चित्र पाहताना दोन्ही अर्धगोल कामाला लागतात.

शाळेच्या दृष्टीने मोलाची गोष्ट पुढे आहे. २०१२ साली व्हेसेल, स्टार आणि रुबिन यांनी लोकांना चित्रे दाखवून "हे तुम्हाला किती भिडले?" याला एक ते चार गुण द्यायला सांगितले. दृष्टीशी संबंधित भागांतली हालचाल गुणांबरोबर हळूहळू चढत गेली. पण मेंदूत एक जाळे असे असते की बाहेरच्या कामात गुंतलो की ते शांत होते आणि आपण स्वतःशी, आठवणींशी रमलो की जागे होते. ते जाळे फक्त चार गुणांच्या चित्रांना जागे झाले. तीन गुणांच्या चित्रांनाही नाही. आणि कोणाला कुठले चित्र चार गुणांचे वाटले, यात माणसामाणसांत फारच थोडे साम्य होते. म्हणजे शिक्षकाने निवडलेले एकच चित्र साऱ्या वर्गाला भिडेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. मुलाला स्वतःचे चित्र शोधायला वाव हवा, आणि सापडल्यावर तिथे थांबायला वेळही.

आता कास. ते जांभ्या खडकाचे पठार आहे. माती वीतभरही नाही, पावसाळ्यात पाणी साचून राहते, आणि म्हणूनच तिथली फुले लहान, जमिनीलगतची आणि लाखोंच्या संख्येने येतात. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात ते २०१२ पासून आहे. आठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद तिथे झाली आहे. येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असते, आधी नोंदणी लागते आणि वाट सोडून आत जाता येत नाही. पुढचे सारे वाटेवर उभे राहून करता येण्यासारखे आहे.

प्रत्येक दोन मुलांत एक पुठ्ठ्याची चौकट द्यावी. आतली खिडकी १० बाय १५ सेंटीमीटर, कड तीन बोटे रुंद. ती हातभर अंतरावर धरली की डोळ्याला साधारण दहा बाय चौदा अंशांचा तुकडा मिळतो, म्हणजे नजरेच्या वीस-पंचवीस उड्यांत नीट धुंडाळता येईल एवढा. आधी चौकटीशिवाय एक मिनिट नुसते पाहायचे. मग चौकट लांबच्या गालिच्यावर धरून दोन मिनिटे. मग वाटेच्या कडेला उकिडवे बसून पायाशी पाच मिनिटे. क्रम हाच ठेवावा. उलट केला, तर जवळचे बारकावे पाहून झाल्यावर मुलांना लांबचे काही वेगळे वाटत नाही. दुसऱ्या टप्प्यात मुले कंटाळतात, बहुधा मिनिटभरातच. तेव्हा बोलू नये. नव्या तपशिलाकडे डोळा वळतो तो त्यानंतरच.

पायाशी पाहताना तीनपट भिंग पुरते. दहापट भिंग फुलाला जवळजवळ टेकवावे लागते आणि मग मुले फूल खुडून डोळ्याजवळ आणतात. ते कदापि होऊ देऊ नये. भिंगातून गेंदाचे पांढरे बोंड पाहावे. लांबून ते एक फूल वाटते, जवळून तो कितीतरी इवल्या फुलांचा झुबका निघतो. मग सीतेची आसवे शोधावीत. जांभळे, बोटाच्या नखाहून लहान फूल, मधोमध फिकट खूण, दोऱ्यासारखा दांडा. मुलांनी पाहून घेतल्यावर, आधी नव्हे, सांगावे की ही वनस्पती कीटकभक्षी आहे. या खडकाळ मातीत नत्र कमी, म्हणून चिखलात तिच्या सूक्ष्म पिशव्या लागलेल्या असतात आणि पाण्यातला बारीकसा जीव जवळ आला की त्या त्याला क्षणार्धात आत ओढून घेतात. हे कळल्यावर तीच मुले त्याच फुलाकडे पुन्हा वळून पाहतात, आणि हे दुसरे पाहणे निराळे असते. इंद्रियांकडून येणारे, भावनेकडून येणारे आणि माहितीतून येणारे असे तीन प्रवाह मिळून सौंदर्यानुभव घडतो, असे चॅटर्जी आणि वर्तानियन यांनी २०१४ साली मांडले. माहिती आधी ओतली तर मुले फक्त सांगितलेले शोधतात आणि सापडले की थांबतात. पाहणे आधी, माहिती मागाहून, हे एवढे सांभाळले तरी निम्मे काम झाले.

रंगांबद्दल एक प्रयोग सुचवतो. मेंदूत दृश्याचे काम ढोबळमानाने दोन वाटांनी चालते. एक वाट वस्तू कुठे आहे, हलते का, हे पाहते. तिला उजळपणाचा फरक कळतो, रंगाचा जवळजवळ नाही. दुसरी वाट रंग आणि आकार ओळखते. दोन रंग वेगळे पण उजळपणा सारखा असेल, तर दुसरी वाट म्हणते "इथे ठिपका आहे" आणि पहिलीला तो सापडतच नाही. त्यामुळे तो ठिपका जागेवर ठरत नाही, लुकलुकल्यासारखा वाटतो. क्लोद मोने यांच्या १८७२ च्या 'इम्प्रेशन, सनराइज' या चित्रातला नारिंगी सूर्य काळ्या-पांढऱ्या प्रतीत जवळजवळ विरून जातो आणि रंगीत चित्रात म्हणूनच थरथरल्यासारखा दिसतो, हे हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंग्स्टन यांनी दाखवून दिले. कासला तेच पाहता येते. तेरड्याच्या गुलाबी पट्ट्याचा आणि सोनकीच्या पिवळ्या पट्ट्याचा एकेक फोटो घ्यावा आणि मोबाइलवरच काळा-पांढरा करावा. सोनकी गवतातून उठून दिसते. तेरडा अनेकदा गवतात मिसळून जातो. मग मोबाइल खाली ठेवून पुन्हा समोर पाहायला सांगावे. "पठार हलल्यासारखे वाटते" असे मूल म्हणाले, तर ती कविकल्पना समजू नये. त्याने आपल्या मेंदूतली दोन वाटांची ओढाताण टिपली आहे.

वेळ निवडताना ऊन पाहावे. भर दुपारी वरून पडणाऱ्या उन्हात पाकळ्यांच्या सावल्या हरवतात आणि रंग पांढुरके दिसतात. सकाळच्या तिरप्या उजेडात प्रत्येक फुलाला सावली असते, म्हणून खोली दिसते. दाट धुके आले तर लांबचे सोडून द्यावे आणि सारा वेळ पायाशी द्यावा. धुक्यात लांबचा फरक पुसला जातो, जवळचे रंग मात्र खुलतात.

आणि फोटो. लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली संग्रहालयातच प्रयोग केला. ज्या वस्तूंचे विद्यार्थ्यांनी पूर्ण फोटो काढले, त्या त्यांना दुसऱ्या दिवशी नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. कॅमेऱ्याने जपून ठेवले, मग मी कशाला, असे मेंदूचे होत असावे. पण एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला, तेव्हा आठवण टिकली, आणि फोटोत न आलेल्या भागाचीही टिकली, कारण कुठला भाग घ्यायचा हे ठरवताना लक्ष द्यावे लागले. म्हणून मोबाइल बंदी नको. शेवटची दहा मिनिटे द्यावीत, प्रत्येकी तीन फोटो, तेही फक्त जवळचे. रंगाचा प्रयोग शिक्षकांच्या मोबाइलवर करावा.

औंधला वेगळी पथ्ये आहेत. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या तिथल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रे आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे 'माता आणि मूल' हे शिल्पही आहे. खटाव तालुक्यातल्या टेकडीवर हे सारे आहे, याचे मोल आपण अजून ओळखलेले नाही असे आम्हाला वाटते. पण सगळी दालने एका फेरीत पाहायची ठरवली की थकवा येतो. या थकव्याचा अभ्यास बोस्टनच्या बेंजामिन आइव्हज गिल्मन यांनी १९१६ सालीच केला होता. वाकणे, मान वळवणे, पाट्या वाचायला पुढे-मागे होणे यांतच माणूस दमतो. तीन कलाकृती निवडाव्यात, दोन शिक्षकांनी आणि तिसरी ज्या त्या मुलाने. एका चित्रापुढे आठाहून अधिक मुले नकोत. ४८ मुलांचे सहा गट करावेत, प्रत्येक गटाला एका कलाकृतीपुढे पंधरा मिनिटे आणि मधे पाच मिनिटे बसणे. म्हणजे तासाभराचा हिशेब. उरलेला अर्धा तास मोकळे फिरण्यासाठी.

चित्रापुढे उभे राहायचे अंतर चित्राच्या कर्णाच्या दीडपट धरावे. तिथून पूर्ण चित्र डोके न हलवता दिसते. खिडकीचा उजेड काचेवर चमकत असेल तर एक पाऊल बाजूला सरकावे. दहा सेकंद पाहून पाठ करायला लावावी आणि काय दिसले ते विचारावे. मुले चेहरा, दागिने, साडीचा रंग सांगतात. पार्श्वभूमी, हात, उजेड कुठून येतो, हे कोणी सांगत नाही. ते साहजिकच आहे. चेहरा ओळखायला मेंदूत कानामागच्या बाजूला खाली एक खास पट्टी आहे (नॅन्सी कॅनविशर यांनी तिचे काम १९९७ साली नेमके दाखवले) आणि रविवर्मांच्या चित्रांतले चेहरे तिला घट्ट धरून ठेवतात. म्हणून पुन्हा वळल्यावर तळहाताने चेहरा झाकायला लावावा. हात चित्रापासून लांब, डोळ्याजवळ धरायचा. मग तीन मिनिटे बाकीचे चित्र. कापडाच्या चुण्या, बोटांची ठेवण, जरीवरची चमक दाखवायला ठेवलेला रंगाचा जाडसर ठिपका, हे सारे तेव्हा समोर येते. मूरच्या शिल्पाजवळ हीच युक्ती उलटी लागते. तिथे चेहऱ्याला धरून बसण्यासारखे काही नाही, म्हणून मुले चटकन पुढे जातात. तिथे पाहायचे ते एकातून दुसऱ्यात वाहत गेलेले आकार. पाटी सगळ्यात शेवटी. नाव वाचल्याने मोल बदलते. २००९ साली कर्क आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकाच प्रकारची चित्रे दाखवली, त्यांतली काही "कलादालनातली" म्हणून आणि काही "संगणकावर बनवलेली" म्हणून. कलादालनाचे नाव असलेली अधिक आवडली आणि कपाळामागचा तो पट्टाही अधिक जागा झाला.

"आवडले का?" हा प्रश्न पहिला विचारू नये. मूल शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघून "हो" म्हणते आणि विषय संपतो. "काय दिसतेय?" विचारावे. आणि कोणाला काहीच वाटले नाही तर दटावू नये. संगीताच्या बाबतीत तर असे मोजून दाखवले आहे की काही मोजक्या लोकांना, ऐकणे अगदी ठीक असूनही, संगीताने आनंद होतच नाही. पैशाच्या बक्षिसाने मात्र होतो. हा त्यांचा उद्धटपणा नव्हे.

सांगलीकडच्या शाळांनी इतक्या लांब येण्याचीही गरज नाही. मिरजेचा तानपुरा हाताशी आहे. २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मुलांना तानपुरा समारंभात मागे वाजताना ऐकू येतो, म्हणजे ऐकूच येत नाही. एक तानपुरा आणि वीस मिनिटे मिळाली तर पुढील क्रमाने जावे. आधी घोडीवरचे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरचे, चारही दोरे काढून फक्त खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची, तार छेडावी. आवाज बसका, लगेच विझणारा येतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवावा आणि केसभर केसभर पुढे न्यावा. एका जागी आवाज एकदम उघडतो, भरून राहतो. जवारी खुलली म्हणतात ती हीच. घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो. दोऱ्यामुळे थरथरती तार त्या माथ्याला सतत निसटता स्पर्श करत राहते आणि खर्जातून वरचे स्वरांश सुटत जातात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या गुणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोरा जाड झाला किंवा फार पुढे गेला तर तार घोडीवरून उचलली जाते आणि आवाज मरतो. अलीकडे राहिला तर खरखरते. तार सुरात नसेल तर दोऱ्याशी कितीही झटले तरी जवारी लागत नाही, म्हणून आधी सूर, मग दोरा.

आता चारही तारा, पंचम, दोन जोड (षड्जाच्या तारा), खर्ज, एकसारख्या संथ छेडाव्यात आणि मुलांना डोळे मिटून विचारावे की यात गंधार ऐकू येतो का. तो कुठल्याच तारेवर लावलेला नाही. खर्ज सेकंदाला ७० कंपनांचा असेल, तर त्यातून १४०, २१०, २८०, ३५० अशी कंपने निघतात. ३५० हा गंधार. पहिल्या मिनिटात दोन-तीन मुलांना सापडतो, पाच मिनिटांनी बऱ्याच जणांना. कान तयार होणे म्हणतात त्याची ही पहिली पायरी. याच तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर लावून पाहावे. मोबाइलच्या टीचभर स्पीकरला ७० कंपनांचा स्वर काढताच येत नाही, तरी खर्ज ऐकू येतो. १४०, २१०, २८० यांतले अंतर सारखे ७० चे आहे, एवढ्यावरून मेंदू न वाजलेला स्वर स्वतः उभा करतो. मुलांना हे सांगितल्यावर त्यांचे चेहरे पाहावेत.

संगीताचा आनंद असा आधी अंदाजात असतो. २०११ साली सालिम्पूर आणि झाटोरे यांच्या गटाने दाखवले की अंगावर काटा आणणारा क्षण येण्याच्या काही सेकंद आधीच मेंदूत डोपामिन हे आनंदाशी निगडित रसायन स्रवू लागते, आणि प्रत्यक्ष क्षणी ते दुसऱ्याच भागात स्रवते. समेवर येण्याची वाट पाहणारा श्रोता आणि सम आल्यावर मान हलवणारा श्रोता मेंदूच्या नकाशात दोन वेगळ्या जागी असतो. वाट पाहायला आधी चाल ओळखीची हवी, म्हणून एकच बंदिश महिनाभरात चार-पाचदा ऐकवणे हे पाच बंदिशी एकेकदा ऐकवण्यापेक्षा फलदायी. चित्रांचेही असेच. औंधला जाण्याआधी महिनाभर दोन चित्रांच्या चांगल्या प्रती वर्गाबाहेर लावून ठेवाव्यात.

निसर्गात चालण्याबद्दल थोडक्यात. मिशिगनमध्ये २००८ साली बर्मन, जोनाइड्स आणि कॅप्लन यांनी लोकांना पाऊण-एक तास झाडीतून आणि एकदा शहरी रस्त्याने चालवले. झाडीतून आल्यावर उलटे आकडे म्हणण्याची परीक्षा लोकांनी अधिक चांगली दिली. थंडीत, कुरकुरत चाललेल्यांनाही फायदा झाला. निसर्ग लक्ष हळुवार वेधतो, त्यामुळे नेटाने लक्ष देण्याची यंत्रणा तेवढा वेळ विसावते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. हातात प्रश्नपत्रिका देऊन "दहा वनस्पतींची नावे लिहा" म्हटले की ती यंत्रणा पुन्हा जुंपली जाते आणि विसावा संपतो. कासला चौकटीचे काम झाल्यावर अर्धा तास वहीविना, गप्पांविना चालू द्यावे. हेच तत्त्व रुग्णालयालाही लागू होते. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, विटांची भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि झाडेवाल्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. पाहणी लहान आहे, पण वर्गाच्या खिडक्यांना खालून अर्ध्यापर्यंत रंग फासण्याआधी ती जरूर आठवावी.

खर्च फार नाही. ४८ मुलांना २४ चौकटी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांतून निघतात, आणि तीनपट भिंगे बारा असली तरी आळीपाळीने पुरतात. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. कासला अडीच तास दिले तर ठोसेघर वगळावे लागेल, आणि काही पालक "एवढ्या पैशात एकच ठिकाण?" म्हणतील. पालकसभेत चौकट हातात देऊन शाळेच्या आवारातल्या एखाद्या झाडाकडे पाच मिनिटे पाहायला लावावे. मग तो प्रश्न सहसा उरत नाही.

संपादक महोदय, एक विनंती आपल्याकडे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कासचे छायाचित्र आपण छापालच. त्या वेळी एकाच चौकटीचे दोन फोटो, रंगीत आणि काळा-पांढरा, शेजारी शेजारी आणि समान आकारात छापावेत. त्यात सोनकी आणि तेरडा दोन्ही असावेत. काळ्या-पांढऱ्या प्रतीतला उजळ-गडद फरक (कॉन्ट्रास्ट) नंतर वाढवू नये, नाहीतर तेरडा पुन्हा उठून दिसेल आणि प्रयोग बिघडेल. ज्या शाळांना कासला जाणे जमणार नाही, त्यांच्या फळ्यावर ते कात्रण लावता येईल.

आपले,
चित्रकला आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे काही शिक्षक,
सातारा